तानपुऱ्यात ‘टक्’ का येतं? इंटरप्ट आणि डीपीसी तपासण्याची सविस्तर पद्धत

ग्वाल्हेरात गाणं घरातच शिकवलं जातं, ही इथली जुनी रीत. शंकर गांधर्व महाविद्यालय १९१४ सालचं, माधव संगीत महाविद्यालय १९१८ सालचं, पण त्यांच्या आधीपासून आणि नंतरही शहराच्या लष्कर भागातल्या घरांच्या पुढच्या खोलीत तालीम चालतच आली आहे. त्या खोलीत आता तानपुऱ्याशेजारी लॅपटॉप, यूएसबी ऑडिओ इंटरफेस आणि एक बरा माइक असतो. शिष्य पुण्यात किंवा न्यू जर्सीत, गुरू इथल्या दौलतगंजात. अशा घरांतून एक तक्रार सारखी कानावर येते: रेकॉर्डिंग नीट चाललेलं असतं आणि मध्येच ‘टक्’ होतं. कधी एकदाच, कधी लागोपाठ चार-पाचदा. टास्क मॅनेजर उघडून पाहावं तर सीपीयू आठ-दहा टक्के. मग केबल बदलली जाते, माइक बदलला जातो, रॅम वाढवली जाते, आणि ‘टक्’ तिथेच राहतं.

पैसे खर्च करण्याआधी एक तपासणी करून बघा, हे मी कळकळीने सांगतो. सीपीयू किती टक्के व्यस्त आहे यावर या दोषाचा फारसा उलगडा होत नाही. कोणी त्याला एका दमात किती वेळ धरून ठेवलं, हा खरा प्रश्न आहे. त्याचं उत्तर देणारी साधनं फुकट मिळतात आणि मन लावून बसलं तर एका दुपारी बरंचसं काम होतं. खालची पद्धत विंडोज १० आणि ११ साठी आहे. लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आत नेमकं काय घडतं

कीबोर्ड, वाय-फाय कार्ड, डिस्क, यूएसबी, ग्राफिक्स कार्ड, यांपैकी कोणालाही सीपीयूचं लक्ष हवं असलं की ते इंटरप्ट पाठवतं. सीपीयू हातातलं काम तिथल्या तिथे थांबवतो आणि त्या उपकरणाच्या ड्रायव्हरमधला, म्हणजे ते उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, एक छोटा भाग चालवतो. त्याला इंटरप्ट सर्व्हिस रूटीन, थोडक्यात आयएसआर म्हणतात. आयएसआरने अगदी निकडीचं तेवढं करून बाजूला व्हावं आणि उरलेलं काम रांगेत लावावं, असा नियम आहे. रांगेत लावलेलं ते काम म्हणजे डिफर्ड प्रोसीजर कॉल, अर्थात डीपीसी.

डाळ बाजारातल्या पेढीवर मुनीमजी वही लिहीत बसलेत असं समजा. दारात मालाची गाडी आली. ते लेखणी ठेवतात, पावतीवर सही करतात, पोती आत घ्यायला सांगतात. हा झाला आयएसआर. पोत्यांचं वजन, मोजणी, नोंद हे त्यानंतर, म्हणजे डीपीसी. लक्षात घ्यायची गोष्ट ही, की मोजणी संपल्याशिवाय मुनीमजी वहीकडे वळत नाहीत. डीपीसीला जरी ‘मागे ठेवलेलं काम’ म्हटलं, तरी ते तुमच्या सगळ्या प्रोग्रॅमच्या आधीच होतं.

विंडोजमध्ये या अग्रक्रमाला आयआरक्यूएल म्हणतात. साधे प्रोग्रॅम शून्य पातळीवर चालतात, डीपीसी पातळी दोनवर, उपकरणांचे इंटरप्ट त्याच्याही वर. सीपीयूच्या एखाद्या कोअरवर (काम करणाऱ्या भागावर) डीपीसी चालू असेल तोवर त्या कोअरवर दुसरा कुठलाही थ्रेड, म्हणजे प्रोग्रॅमच्या कामाचा धागा, चढू शकत नाही, मग तो रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचा सर्वोच्च प्राधान्याचा थ्रेड का असेना. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांना मायक्रोसॉफ्टची सूचना आहे: आयएसआर २५ मायक्रोसेकंदांच्या आत आणि डीपीसी १०० मायक्रोसेकंदांच्या आत आटोपा. सगळे ड्रायव्हर हे पाळत नाहीत, आणि ‘टक्’ जन्माला येतं ते इथे.

आता आवाजाचा हिशोब. आवाजाचे नमुने, म्हणजे सॅम्पल, लहान लहान गठ्ठ्यांनी पुढे जातात; त्या गठ्ठ्याला बफर म्हणतात. ४४,१०० हर्ट्‌झला १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे साधारण २.९ मिलिसेकंद. २५६ चा ५.८, ५१२ चा ११.६. एक बफर वाजत असताना पुढचा भरून तयार हवा. एखाद्या ड्रायव्हरच्या डीपीसीने तेवढ्यात ६ मिलिसेकंद सीपीयू अडवला, तर १२८ आणि २५६ दोन्ही बफर रिकामे पडतात आणि तिथे ‘टक्’ ऐकू येतं. एका सेकंदात ६ मिलिसेकंद म्हणजे अवघे ०.६ टक्के. एवढ्याशा टक्क्याने टास्क मॅनेजरचा आलेख हलतसुद्धा नाही. टक्केवारीवर विसंबू नका असं मी वर म्हटलं ते या हिशोबामुळे.

आधी हा दोष तोच आहे का, ते ठरवा

सगळे नको असलेले आवाज डीपीसीचे नसतात. सतत येणारी घूं ही विजेची असते: अर्थिंग, इन्व्हर्टर किंवा लॅपटॉपचा चार्जर. चार्जर काढल्यावर ती थांबली तर इंटरप्टच्या मागे लागायचं कारण नाही. ऑनलाइन वर्गात आवाज ताणला जातो, यंत्रासारखा होतो, शब्दच्या शब्द गळतात, तो इंटरनेटचा दोष. डीपीसीचं ‘टक्’ हे तोकडं, कोरडं आणि मध्येच कापल्यासारखं असतं.

तपासायला तानपुऱ्यासारखं साधन नाही. तबला-पखवाजाच्या रेकॉर्डिंगमध्ये बारीक खंड बोलांखाली दडून जातो. तानपुऱ्याची जवारी अखंड असते, तिच्यात एक मिलिसेकंदाची फटही कानाला टोचते. इंटरनेट बंद करा, तानपुरा किंवा तानपुऱ्याचं ॲप माइकसमोर ठेवा आणि पंधरा-वीस मिनिटं थेट लॅपटॉपवर रेकॉर्ड करा. मग फाइल दुसऱ्या यंत्रावर ऐका. ‘टक्’ दुसऱ्या यंत्रावरही त्याच ठिकाणी येत असेल तर तो फाइलमध्येच आहे, म्हणजे रेकॉर्ड होताना खंड पडला. फक्त तुमच्याच लॅपटॉपवर, दर वेळी वेगळ्या ठिकाणी येत असेल तर वाजवताना पडतोय. दोन्ही बाबतीत पुढची तपासणी सारखीच, पण सुधारणा झाली की नाही हे कशावर पडताळायचं ते आत्ताच ठरवून ठेवा.

इंटरफेस हबमधून जोडला असेल तर तो काढून थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा आणि केबल बदलून पाहा. एवढ्यानेच थांबलं तर हा लेख इथेच सोडून रियाजाला बसायला हरकत नाही.

पहिली पायरी: टास्क मॅनेजर

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. ‘डिटेल्स’ टॅबमध्ये ‘सिस्टम इंटरप्ट्स’ नावाची ओळ शोधा. हा खराखुरा प्रोग्रॅम नाही. आयएसआर आणि डीपीसींवर गेलेला सगळा वेळ दाखवण्यासाठी विंडोजने केलेली ती सोय आहे. त्यामुळे तिला ‘एंड टास्क’ करता येत नाही. कोणी तिला व्हायरस म्हणून साफ करून देतो म्हणालं, तर त्याच्या हाती लॅपटॉप देऊ नका.

निवांत यंत्रावर हा आकडा शून्य ते एक टक्क्याच्या आसपास असतो. तो कायम पाच-दहा टक्क्यांवर बसला असेल तर एखादं उपकरण इंटरप्टचा मारा करत आहे. बहुतेकदा ते बिघडलेलं यूएसबी उपकरण, हब किंवा कार्ड रीडर असतं. एकेक उपकरण उपटून आकडा खाली येतो का ते पाहा, दोषी लगेच सापडतो.

आकडा कमी असला म्हणून मात्र निश्चिंत होऊ नका. वरचा ०.६ टक्क्यांचा हिशोब आठवा.

सिसइंटर्नल्सचा ‘प्रोसेस एक्सप्लोरर’ हीच गोष्ट ‘इंटरप्ट्स’ या नावाने आणि दशांशांत दाखवतो. सवयीचा असेल तर वापरा, नसेल तर पुढे चला.

दुसरी पायरी: परफॉर्मन्स मॉनिटर

हे विंडोजमध्येच असतं. स्टार्टमध्ये ‘परफमॉन’ टाइप करा. डाव्या बाजूला ‘परफॉर्मन्स मॉनिटर’ निवडा, हिरव्या अधिक चिन्हावर क्लिक करा आणि ‘प्रोसेसर इन्फर्मेशन’ गटातून चार मोजपट्ट्या घ्या: इंटरप्ट टाइमची टक्केवारी, डीपीसी टाइमची टक्केवारी, दर सेकंदाचे इंटरप्ट आणि दर सेकंदाला रांगेत लागलेल्या डीपीसी.

इथे बरेच जण ‘टोटल’ निवडून मोकळे होतात. तसं करू नका, प्रत्येक कोअर वेगळा घ्या. ‘टोटल’ ही सरासरी असते. आठ लॉजिकल प्रोसेसरांपैकी एकावर डीपीसीने ४० टक्के वेळ खाल्ला, तर सरासरीत ते फक्त ५ टक्के दिसतात. पुष्कळ यंत्रांवर इंटरप्टचा मोठा भार शून्य क्रमांकाच्या कोअरवरच पडलेला असतो, हे वेगवेगळं पाहिल्यावर चटकन ध्यानात येतं.

यंत्र नुसतं बसून असलं तरी इंटरप्ट शून्य होणार नाहीत. विंडोजचं घड्याळच साधारण १५.६ मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला ६४ वेळा ठोका देतं. ब्राउझर किंवा ऑडिओ प्रोग्रॅम ते अंतर एक मिलिसेकंदापर्यंत खाली आणायला लावू शकतात. त्यामुळे दर सेकंदाला शेकडो इंटरप्ट दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही. आज निवांत असताना किती आणि ‘टक्’ येताना किती, ही तुलना महत्त्वाची.

दोष दिवसातून एक-दोनदाच येत असेल तर आलेखासमोर बसून राहू नका. ‘डेटा कलेक्टर सेट्स’मध्ये ‘यूजर डिफाइंड’वर राइट क्लिक करून नवा संच बनवा, त्याच चार मोजपट्ट्या टाका, दर सेकंदाला एक नोंद ठेवा आणि सुरू करून द्या. संध्याकाळच्या तालमीत ‘टक्’ झालं की घड्याळ बघून वहीत वेळ लिहा. नंतर नोंद उघडून त्या मिनिटाला काय उसळलं ते पाहता येतं. ठरावीक अंतराने उसळी येत असेल तर तो मोठा धागा आहे: वाय-फाय आजूबाजूची नेटवर्क्स शोधत असतं, बॅटरीची अवस्था विचारली जात असते, किंवा एखादी उपयोगिता तापमान वाचत असते.

परफमॉनची मर्यादाही ओळखून असा. सेकंदाच्या सरासरीत एकटा दुकटा लांब डीपीसी विरघळून जातो, आणि तो कुठल्या ड्रायव्हरचा हेही कळत नाही. त्यासाठी पुढची पायरी.

तिसरी पायरी: लेटन्सीमॉन

‘रेस्प्लेंडन्स’चा लेटन्सीमॉन घरगुती वापरासाठी फुकट आहे. तो बनवणाऱ्यांच्याच साइटवरून उतरवा. थेसिकॉनचा जुना ‘डीपीसी लेटन्सी चेकर’ अजूनही काही जण सुचवतात. तो विंडोज ७ पर्यंत चांगला होता. विंडोज ८ पासून कर्नेलमधल्या, म्हणजे विंडोजच्या गाभ्यातल्या, टायमरची आतली रचना बदलली आणि त्याचे आकडे चुकीचे येऊ लागले, म्हणून त्याच्या नादी लागू नका.

चाचणीची तयारी नीट करा, कारण तयारी चुकली तर आकडे दिशाभूल करतात. लॅपटॉप चार्जरवर ठेवा. विंडोज अपडेट चालू असेल तर आधी संपू द्या. यंत्र सुरू करून दहा मिनिटं तसंच राहू द्या, कारण सुरुवातीला बरीच कामं एकदम चालतात. मग लेटन्सीमॉन उघडून हिरव्या बाणावर क्लिक करा.

पहिली फेरी काहीही न उघडता, दहा मिनिटं. तिचा अहवाल ‘एडिट’ मेनूतून कॉपी करून नोटपॅडमध्ये तारीख घालून जपा. दुसरी फेरी खऱ्या परिस्थितीत: रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर, इंटरफेस, तानपुरा, आणि ऑनलाइन वर्ग घेत असाल तर व्हिडिओ कॉलही. ही अर्धा तास चालू द्या. दोन्हींतला फरक तुम्हाला पुढची दिशा देतो.

‘मेन’ टॅबमध्ये पट्ट्या आणि एक निष्कर्ष दिसतो: यंत्र आवाजाच्या कामाला योग्य आहे किंवा अडचणीत आहे. लोक हे वाक्य वाचून थांबतात. मला ते अपुरं वाटतं, कारण अर्ध्या तासात एकदाच आलेल्या उसळीनेही पट्टी लाल होऊ शकते आणि ती तुमच्या कानाला जाणवलेलीही नसते. खरा मजकूर ‘ड्रायव्हर्स’ टॅबमध्ये आहे. तिथे प्रत्येक ड्रायव्हरची आयएसआर संख्या, डीपीसी संख्या, सर्वांत लांब एकदाचा वेळ आणि एकूण वेळ असे रकाने असतात. ‘हायेस्ट एक्झिक्यूशन’ या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून यादी उतरत्या क्रमाने लावा. हा रकाना मिलिसेकंदांत असतो, ‘मेन’ टॅबवरचे आकडे मायक्रोसेकंदांत. १ मिलिसेकंद म्हणजे १,००० मायक्रोसेकंद, वाचताना गल्लत करू नका.

अर्धा मिलिसेकंद किंवा त्याच्या खाली सगळे असतील तर १२८ च्या बफरला धोका नाही. कोणी एक मिलिसेकंद ओलांडत असेल तर नाव टिपून ठेवा. दोन-तीन मिलिसेकंदांच्या वर वारंवार जाणारा ड्रायव्हर म्हणजे बहुधा तुमचा अपराधी. डीपीसी संख्येकडे मात्र घाबरून पाहू नका. नेटवर्कचा ड्रायव्हर लाखभर डीपीसी करील, पण प्रत्येक २० मायक्रोसेकंदांत आटोपत असेल तर तो गुणीच म्हणायचा.

‘प्रोसेसेस’ टॅबमधले हार्ड पेजफॉल्टही बघा. प्रोग्रॅमला हवा असलेला मजकूर रॅममध्ये नसून डिस्कवरून आणावा लागला, असा त्याचा अर्थ. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर यातही कितीतरी मिलिसेकंद जातात. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरच्याच नावापुढे हा आकडा वाढत असेल तर रॅम किंवा एसएसडीचा खर्च सार्थकी लागेल. रॅम वाढवल्याने ‘टक्’ थांबण्याची खरी शक्यता असते ती या परिस्थितीत.

नावं कशी वाचायची

‘ड्रायव्हर्स’ यादीत वर काही नावं पुन्हा पुन्हा दिसतात. एनडीआयएस किंवा टीसीपीआयपी असेल तर नेटवर्क, बहुतेक वेळा वाय-फाय. एनव्ही या अक्षरांनी सुरू होणारं लांबलचक नाव किंवा डीएक्सजीकर्नल असेल तर ग्राफिक्स. एसीपीआय म्हणजे वीज आणि बॅटरीचं व्यवस्थापन. स्टोअरपोर्ट म्हणजे डिस्क. एचडीऑडबस म्हणजे लॅपटॉपचं स्वतःचं साउंड कार्ड.

एनटीओएसकर्नल किंवा डब्ल्यूडीएफ ०१००० सर्वांत वर आलं तर विंडोज पुन्हा टाकायची घाई करू नका. पहिला विंडोजचा गाभा आणि दुसरा ड्रायव्हर लिहिण्याचा सामाईक सांगाडा. दुसऱ्याच कुणाचं काम त्यांच्या नावावर मांडलं गेलेलं असतं. एनडीआयएसचंही तसंच: तो नेटवर्कचा सामाईक थर, खरा दोषी त्याच्या खालचा कार्डाचा ड्रायव्हर.

चौथी पायरी: एका वेळी एकच बदल

डिव्हाइस मॅनेजर उघडा. संशय ज्याच्यावर असेल ते उपकरण राइट क्लिकने ‘डिसेबल’ करा, लेटन्सीमॉन नव्याने सुरू करा, दहा मिनिटं थांबा, आकडा लिहा, उपकरण पुन्हा ‘एनेबल’ करा. मग पुढचं. वाय-फाय, ब्लूटूथ, लॅन, वेबकॅम, आतलं साउंड कार्ड, ग्राफिक्स कार्डाबरोबर येणारा एचडीएमआयचा ऑडिओ आणि कार्ड रीडर, एवढी बिनधास्त बंद करून पाहता येतात. डिस्क कंट्रोलर, प्रोसेसर आणि ‘सिस्टम डिव्हाइसेस’मधलं काहीही चाचणीसाठी बंद करू नका, यंत्र सुरूच व्हायचं नाही.

एका दमात पाच गोष्टी बदलल्या की दोष जातो कधी कधी, पण कशाने गेला ते कळत नाही, आणि पुढच्या अपडेटला तो परत आला की पुन्हा अंधार. वहीत तीन रकाने करा: काय बदललं, सर्वांत लांब डीपीसी कुणाचा आणि किती, तानपुऱ्यात ‘टक्’ आलं की नाही.

दौलतगंजातल्या एका गाणं शिकवणाऱ्या ताईंकडे हीच वही आम्ही भरली. यमनचा आलाप चालू, तानपुऱ्याचं ॲप फोनवर, आणि लेटन्सीमॉनच्या यादीत एनडीआयएस सारखा वर चढतोय. मी वाय-फाय बंद केलं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “दादा, आता सलग वाटतंय बघा. पण नेट बंद ठेवून वर्ग कसा घेऊ मी?” प्रश्न अगदी रास्त. उत्तर पंचवीस फुटांच्या लॅन केबलमध्ये निघालं. राउटर माडीवर होता, केबल जिन्याच्या कठड्याला बांधत खाली आणली. लॅनच्या ड्रायव्हरचा सर्वांत लांब डीपीसी वाय-फायच्या तुलनेत किरकोळ निघाला, आणि वर्ग केबलवर सुरू झाला. त्यांच्या लॅपटॉपवर वाय-फाय डिसेबल आहे ते आजही तसंच.

पाचवी पायरी: इलाज

नेटवर्क दोषी असेल तर लॅन केबल हा पहिला उपाय. ते शक्य नसेल तर वाय-फायचा ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या किंवा चिप बनवणाऱ्याच्या साइटवरून घ्या. नवाच नेहमी चांगला असतो असं नाही. दोष अपडेटनंतर सुरू झाला असेल तर ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘ड्रायव्हर’ टॅबवर ‘रोल बॅक’ करून जुना आणा. तिथेच ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्ये वीज वाचवण्यासाठी उपकरण बंद करण्याची परवानगी दिलेली असते, ती खूण काढा.

ग्राफिक्स असेल तर ड्रायव्हर स्वच्छ पद्धतीने पुन्हा टाका आणि कार्डाच्या नियंत्रण पॅनेलमध्ये वीज व्यवस्थापन ‘मॅक्झिमम परफॉर्मन्स’वर ठेवा. कार्ड सतत झोपत-उठत असतं तेव्हा ती उठाठेवच डीपीसीत दिसते.

एसीपीआय हा लॅपटॉपवाल्यांचा नेहमीचा त्रास. आधी पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर फक्त ‘बॅलन्स्ड’ दिसतो, तिथे सेटिंग्जमधून पॉवर मोड ‘बेस्ट परफॉर्मन्स’ करा. ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये प्रोसेसरची किमान अवस्था १०० टक्के आणि ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद. हा शेवटचा बदल यूएसबी इंटरफेस वापरणाऱ्या प्रत्येकाने करावा असं माझं मत आहे. तरीही एसीपीआय वरच राहिला तर डिव्हाइस मॅनेजरच्या ‘बॅटरीज’ भागातलं ‘कंट्रोल मेथड बॅटरी’ रेकॉर्डिंगपुरतं डिसेबल करून पाहा. बॅटरीची विचारपूस थांबते आणि उसळ्या विरतात. मात्र बॅटरी संपत आल्याची सूचनाही येत नाही. आपल्याकडे वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो, त्यामुळे काम झालं की लगेच एनेबल करा.

यूएसबीवर संशय असेल तर इंटरफेस लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या पोर्टात लावून पाहा. काही लॅपटॉपवर दोन्ही बाजूंचे पोर्ट वेगळ्या कंट्रोलरवर असतात. जुन्या डेस्कटॉपवर दोन उपकरणं एकच इंटरप्ट रेषा वाटून घेत असतील तर तेही तपासण्याजोगं: डिव्हाइस मॅनेजरच्या ‘व्ह्यू’ मेनूत ‘रिसोर्सेस बाय टाइप’ निवडा आणि ‘इंटरप्ट रिक्वेस्ट’ उघडा. उणे आकडा असेल तर ते उपकरण संदेशाच्या रूपात इंटरप्ट पाठवतं, तिथे वाटणीचा प्रश्न येत नाही. एकाच धन आकड्यापुढे ऑडिओ कार्ड आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही दिसले, तर कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये बसवा. रजिस्ट्रीत हात घालून उपकरणाला बळेच संदेश पद्धतीवर आणण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. उपकरणाला ते झेपत नसेल तर यंत्र सुरू होत नाही, म्हणून घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर मी ते करायला सांगणार नाही.

सगळं करूनही एखादा ड्रायव्हर दीड-दोन मिलिसेकंदांवरच अडला, तर बफर २५६ किंवा ५१२ करा. नुसतं रेकॉर्डिंग असेल आणि गाणारा हेडफोनमध्ये इंटरफेसमधूनच थेट स्वतःला ऐकत असेल, तर मोठ्या बफरने काही बिघडत नाही. लहान बफर लागतो तो आवाज संगणकातून फिरवून परत ऐकायचा असेल तेव्हाच.

उन्हाळा आणि बायोस

ग्वाल्हेरच्या मे-जूनमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. बंद खोलीत पंखासुद्धा थांबवून रेकॉर्डिंग चाललेलं असतं, आणि लॅपटॉप तापला की स्वतःचा वेग उतरवतो. सकाळी स्वच्छ येणारं रेकॉर्डिंग दुपारी तुटत असेल तर ड्रायव्हरवर आळ घेण्याआधी लॅपटॉपखालची हवा मोकळी करा, पंख्यातली धूळ काढा आणि चाचणी सकाळी व दुपारी अशी दोनदा करा.

आणखी एक प्रकार सगळ्यांत चकवणारा. ‘टक्’ येतं, लेटन्सीमॉनचा वरचा मोठा आकडा उसळतो, पण ‘ड्रायव्हर्स’ यादीत कुणाच्याच नावावर तो दिसत नाही. अशा वेळी सिस्टम मॅनेजमेंट इंटरप्टचा संशय घ्यावा. ते बायोसच्या, म्हणजे विंडोजच्याही खाली असलेल्या यंत्राच्या मूळ सॉफ्टवेअरच्या, पातळीवर चालतात आणि त्या वेळात विंडोज थांबलेलं असतं, त्यामुळे त्याला त्यांची थेट नोंद घेता येत नाही. इलाजही बायोसमध्येच: कंपनीची नवी आवृत्ती टाका, आणि डेस्कटॉपवर सी-स्टेट्ससारख्या वीज बचतीच्या सोयी एकेक करून बंद करून पाहा. बायोस बदलण्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल तर तो तात्पुरता थांबवा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. सालोसालच्या तालमींची रेकॉर्डिंग त्या डिस्कवर असतात.

अगदीच हट्टी दोष असेल तर

‘विंडोज परफॉर्मन्स रेकॉर्डर’ आणि ‘ॲनालायझर’ ही मायक्रोसॉफ्टची जोडी असेसमेंट अँड डिप्लॉयमेंट किटमध्ये मिळते. रेकॉर्डरमध्ये ‘सीपीयू युसेज’वर खूण करा, सुरू करा, ‘टक्’ ऐकू आलं की लगेच थांबवून फाइल जपा. मिनिट-दोन मिनिटांपेक्षा जास्त चालू ठेवू नका, फाइल झपाट्याने फुगते. ॲनालायझरमध्ये ‘कॉम्प्युटेशन’खाली डीपीसी-आयएसआरचा आलेख उघडा आणि मॉड्यूल व फंक्शननुसार कालावधी पाहा. सामाईक थराच्या आड कोण दडलंय, आणि नेमक्या कुठल्या क्षणी कुठल्या कोअरवर, हे इथे उघड होतं.

दोष याहून वाढला तर यंत्र निळा (विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत काळा) पडदा दाखवून बंद पडतं आणि ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’ असं लिहून येतं. डीपीसीने इतका वेळ घेतला की विंडोजच्या पहारेकऱ्याने यंत्र थांबवलं, असा त्याचा अर्थ. इथे कारण बहुधा डिस्कचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर, नाहीतर एसएसडीचं फर्मवेअर. आधी रेकॉर्डिंगची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या, तपासणी मागाहून.

लिनक्सवर मामला जास्त उघडा आहे. ‘प्रॉक’ फोल्डरमधली ‘इंटरप्ट्स’ ही फाइल प्रत्येक कोअरवरचे इंटरप्ट उपकरणाच्या नावासकट मोजते, आणि शेजारची ‘सॉफ्टआयआरक्यूज’ मागे ठेवलेल्या कामांचा हिशोब देते. ‘टॉप’मध्ये एचआय आणि एसआय ही दोन टक्केवारी त्यांचीच. ‘केसॉफ्टआयआरक्यूडी’ सतत वर दिसत असेल तर मागची कामं तुंबली आहेत. रिअल-टाइम कर्नेलसाठी पूर्वी वेगळा पॅच शोधावा लागे. २०२४ मधल्या ६.१२ आवृत्तीपासून ती सोय मूळ कर्नेलमध्येच आली आहे.

लॅपटॉप वॉरंटीत असेल आणि वरचं सगळं करूनही दोष राहिला, तर सेवा केंद्रात नुसतं ‘आवाज तुटतो’ म्हणून जाऊ नका. तिथे पाच मिनिटं गाणं लावून यंत्र ठीक असल्याचं सांगतील आणि परत पाठवतील. लेटन्सीमॉनचे दोन्ही अहवाल, रेकॉर्डरची फाइल, बायोसची आवृत्ती, ड्रायव्हरचं नाव व त्याची तारीख, आणि ‘टक्’ असलेली तानपुऱ्याची फाइल एका पेनड्राइव्हवर घ्या. वहीच्या पानाचा फोटोही त्यात ठेवा. तक्रार लेखी नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्या, आणि मदरबोर्ड किंवा वाय-फाय कार्ड बदलून मिळालं तर घरी आल्या आल्या तीच दहा मिनिटांची निवांत फेरी पुन्हा करून आकडे जुन्या अहवालाशेजारी लिहा.